जॉइंट धुण्याच्या बादलीबाबत खुलासा

शिरूर, मंगळवार

तीर्थरूप मामांस, शिरूरहून जावई ईश्वरचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा कसा आहे? उसाला तोड आली का? आमच्याकडे सर्व ठीक आहे, म्हणजे घरात मी आणि आई दोघंच आहोत आणि आई माझ्याशी बोलत नाही. फोनच केला असता, पण तुमचा फोन हल्ली अनिता उचलते आणि माझा आवाज ऐकला की, "हितं कुणी ईश्वर ऱ्हात न्हाई," म्हणून ठेवून देते. (मी तुमच्या खुटबावला राहतो असं मी कधीच म्हटलेलं नाही.) म्हणून हे पत्र.

पोरगी एका बादलीवरून माहेरी आली, असं तुमच्या कानावर घातलं गेलं असेल. मामा, "एका बादलीवरून" असं म्हणणाऱ्याला फरशीचं काम माहीत नाही. फरशी काय, कुणीही बसवतो. खरं काम त्याच्या पुढं. दोन फरश्यांमधल्या फटीत, म्हणजे जॉइंटमध्ये, ग्राउटचा सिमेंटी लगदा भरायचा, वर सांडलेला ओल्या स्पंजानं पुसून घ्यायचा आणि तो स्पंज सारखा धुवायचा. बादली चुकली की पाणी गढूळ, पाणी गढूळ की फरशीवर पांढुरका थर. मग त्या घरात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला मालक तो थर दाखवतो आणि मिस्त्रीचं नाव सांगतो. आमच्या धंद्यात माणसाची अब्रू बादलीत असते.

तर गेल्या महिन्यात मी आमच्याच स्वयंपाकघराचं काम काढलं. (सहा वर्षं तालुकाभर फरश्या घालतोय आणि स्वतःच्या घरात कोबा, हे अनितानं सांगितलं असेलच.) ऐन जॉइंट भरताना माझी प्लास्टिकची बादली कडीपाशी फाटली. कालवलेला ग्राउट कुणासाठी थांबत नाही. अनिता बाजारात गेली होती. माळ्यावर तुम्ही लग्नात दिलेली स्टीलची बादली होती, 'चि. सौ. कां. अनितास, सावळाराम व सिंधूबाई यांजकडून' असं नाव घातलेली. सहा वर्षांत तिच्यात पाणी भरलं गेलं नव्हतं, इतकी जपलेली. ती मी काढली. काम देखणं झालं आणि त्या आनंदात बादली तशीच ठेवून मी चौकात चहाला गेलो. चहावरून गोष्ट निवडणुकीवर गेली. परत आलो तर तळाला दोन बोटं गाळ दगड होऊन बसलेला. बाहेरून माझ्या हाताचा ग्राउट तुमच्या नावाच्या अक्षरांत भरून वाळलेला. खोटं कशाला लिहू, मी आजवर भरलेला हा सर्वांत नीट जॉइंट आहे. 'सावळाराम' आता रस्त्यावरून वाचता येतं.

तेवढ्यात अनिता आली. पुढं जे झालं ते इथं लिहीत नाही. ती संध्याकाळच्या गाडीनं गेली आणि घरातल्या भांड्याला पुन्हा हात लावायची वेळ येऊ नये म्हणून मी योग्य बादलीच्या शोधाला लागलो. आधी रंगाची रिकामी बादली घेतली. खोल असल्यानं गाळ तळाला बसतो, हा तिचा गुण. पण मागचा हिरवा रंग पुरता निघालेला नव्हता आणि न्हावऱ्याच्या एका बंगल्यात पांढरे जॉइंट पिस्ता निघाले. (मालकीणबाईंना तेच आवडले. मला त्या कौतुकाची फार लाज वाटली.) मग घमेलं घेऊन पाहिलं. ते उथळ, त्यामुळे खाली बसलेला गाळ स्पंजाबरोबर परत फरशीवर येतो.

शेवटी हार्डवेअरवाल्या बबनरावांनी खास याच कामाची बादली मागवून दिली. चौकोनी, आत जाळी, वर तीन रूळ. स्पंज रुळांवरून ओढला की आपोआप पिळला जातो. ती अंगणात ठेवून मी जेवायला बसलो, तर आईनं आपलं धुतलेलं नऊवारी लुगडं पिळायला त्या रुळांत घातलं. निम्मं गेलं, निम्मं अडकलं. एका बाजूनं मी, एका बाजूनं आई, आणि मधे शेजारच्या झुंबरबाई सल्ला द्यायला. लुगडं वाचलं, रूळ गेले. आई महिन्याभरात एवढंच एक वाक्य बोलली, "सुनंला घिऊन ये, आन् हे घरातून काढ."

सारांश, बादली चौकोनी, खोल आणि जाळीची असावी, रूळ नसावेत, आणि अशी आता मिळाली आहे. अनिताला एवढं कळवावं, म्हणजे तिचा राग उतरेल. लहानांना गोड पापा, थोरांना नमस्कार, आणि काही चुकलं असेल तर जावई समजून सोडून द्यावं.

तुमचा,
ईश्वर

ता. क. वरचं पत्र वाचून पाहिलं. ते खरं असलं तरी पुरं नाही. अनिता बादलीवरून गेली नाही. दगड बघून ती पदरानं तुमचं नाव पुसत बसली होती. मीच घाबरलो, आणि घाबरल्यावर माझं तोंड चालतं. झुंबरबाईंच्या देखत म्हणालो, "एवढं काय रडायचं? पत्राच हलका हाय. तुझ्या बापानं बघून तरी घ्यायची." मामा, पहिली बादली हलकी वाटली म्हणून ती बदलून आणायला तुम्ही आणि मामी पुन्हा दौंडला गेला होता, हे अनितानं मला लग्नाच्या वर्षीच सांगितलं होतं. महिनाभर दुकानोदुकानी बादल्या उचलून बघताना मला रोज तेच आठवलं. माझी चूक झाली. मला लाज वाटते आणि घर खायला उठतं.

ता. क. २. मी रविवारी चौफुल्यावरून येतोय. तुमच्या मोरीची फरशी उखडली आहे, ती घालून देतो. जावयाला कामाला लावू नये म्हणून तुम्ही नको म्हणाल, तरी हत्यारं घेऊनच येतोय. मोरी चार बाय पाचची आहे, दीड दिवसाचं काम. मी पंधरा दिवसांचे कपडे आणतोय.