हाताभोवतीचा डाग

३ मार्च
चार महिने एका जागी टिकलो — विक्रमच! आत्या संग्रहालयात दगडातली हाडं अभ्यासते, तिनंच मला दगड साफ करायला लावलंय. आज खास दगड आला. कोंबडीएवढा डायनासोर, हात पसरून पडलेला.
‘कोंबडीचा पणजोबा का गं?’
‘चुलत पणजोबा म्हण. पिसं सापडली तर पक्ष्यांजवळच्या कपाटात, नाहीतर पलीकडे.’
या जातीला पिसं होती, हे ती अकरा वर्षं सांगतेय. यंदा दाखवायचंच म्हणते. तिचे डॉक्टर पुढच्या वर्षाचं बोलतच नाहीत.

९ मार्च
सुईनं माती काढत होतो. खिडकीत दोन कावळ्यांची जुंपली — बघत बसलो, हात चालूच. हाताच्या हाडाभोवती तपकिरी डाग होता, तो खरवडून टाकला. हाड कसं लख्ख!

१० मार्च
आत्या भिंग लावून बराच वेळ वाकून होती.
‘इथं काही होतं का रे? रंग? रेघा?’
‘छे!’
दगडात पिसं उरतात ती डागासारखीच. हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेव्हा माझं लक्ष कुठे होतं कोण जाणे.

११ मार्च
आजही बोललो नाही.

२ एप्रिल
संग्रहालयाचे साहेब आले. ‘काय बाई, अकरा वर्षं पिसं पिसं करून शेवटी सरडाच निघाला की!’
आत्या हसली. कार्डावर लिहिलं — पिसं: नाहीत. दगड पलीकडच्या कपाटात गेला.
जिना उतरताना तिनं माझा खांदा धरला. किती हलकी झालीय! ‘इतक्यात निघून जाऊ नकोस रे भटक्या.’

१९ मे
आत्या गेली. सकाळी. मी शेजारच्याच खुर्चीवर होतो. डागाचं सांगायचं राहूनच गेलं.

२७ मे
तिचं टेबल आवरलं. खणात तळाशी एक फोटो — तोच दगड, तारीख ८ मार्च. हाताभोवती तो डाग. पिसाची रेघ न् रेघ!
मागे तिचं अक्षर: ‘दाखवला तर पोराची नोकरी जाईल. माझ्यामागे त्याचं तो ठरवील.’
फोटो साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो. मग कपाट उघडलं. कार्डावरचं ‘नाहीत’ खोडलं. लिहिलं — होती. मी खरवडली.