हंसाबेनना विचारलेला प्रश्न

२ मे १९९४
भांड्यांच्या कारखान्याचं पत्र आलं. स्टोअरकीपरच्या जागेसाठी नऊ तारखेला इंटरव्ह्यू. इथेच, भाईंदर पूर्वेला, चालत दहा मिनिटं. फोर्टातली कंपनी बंद पडून आठ महिने झाले. तेव्हापासून माझी बायको शुभदा लोकांच्या साड्यांना फॉल लावतेय आणि मान धरून बसतेय. मला बघवत नाही.
निश्चय: उत्तरं थोडक्यात. शेवटी आपणही एक प्रश्न विचारायचा. गप्प बसणारा उमेदवार पडतो, असं वाचनालयातल्या पुस्तकात आहे. बाकीच्यांना ठाऊक नसणार.

४ मे
सराव. शुभदा साहेब झाली. आधीची नोकरी का सोडली, असं तिने विचारलं. मी कंपनीच्या स्थापनेपासून सुरुवात केली. संपापर्यंत आलो, तोवर तिच्या दोन साड्या झाल्या होत्या. कंपनी बंद पडली, एवढं पुरे, असं तिचं मत. तिला ऑफिसचा अनुभव नाही.

६ मे
प्रश्न तयार. येत्या पाच वर्षांत संस्थेचा विकास कोणत्या दिशेने होईल? वरच्या मजल्यावरच्या इग्नेशियसला ऐकवला. उत्तनचा माणूस, रिटायर होईपर्यंत लोकांचे इंटरव्ह्यूच घ्यायचा. तो म्हणाला, त्यापेक्षा पहिल्या दिवशी काय काम करायचं ते विचार. फारच साधा प्रश्न. लिहून घेतला नाही.

८ मे
बोलून बोलून घसा बसलाय. शुभदाला म्हटलं, सुचेताच्या दुकानातून आता फॉलसाठी नव्या साड्या आणू नकोस. नक्की ना, तिने विचारलं. मी नुसता हसलो.

९ मे, दुपारी २
मालकीणबाई हंसाबेन. हिंदीत बोलल्या. आधीची नोकरी का सोडली? थोडक्यातच सांगितलं. स्थापना गाळली, थेट संपापासून सुरू केलं. बाईंनी दोनदा घड्याळ पाहिलं. वेळेची किंमत आहे. माल कमी भरला तर काय कराल? उत्तर येत होतं, पण प्रस्तावना लांबली.
शेवटी म्हणाल्या, कुछ पूछना है? पाच वर्षं, विकास, दिशा, सगळं गुल. तोंडातून निघालं, पानी कितने बजे आता है? इथे राहून लागलेली सवय. भाड्याची खोली बघा नाहीतर मुलगी बघायला जा, भाईंदरात पहिला प्रश्न हाच.
पण बाई सावरून बसल्या! दोन दिवस कारखान्यात टँकर नव्हता. मग त्या विचारत गेल्या, मी सांगत गेलो. सोसायटीचा सेक्रेटरी आहे मी. राई गावातल्या धर्माजीचा टँकर कसा वेळेवर येतो, सगळं सांगितलं. बाहेर दुसरा उमेदवार ताटकळला, बिचारा. निघताना बाईंनी माझा पत्ता परत नीट लिहून घेतला. झालंच म्हणायचं.

१२ मे
पत्र नाही. चांगल्या ठिकाणी वेळ लागतोच. शर्टाला इस्त्री केली.

१६ मे
कारखान्याचा माणूस घरी आला. शुभदा लगबगीने पोहे करायला आत गेली. त्याने कागद-पेन काढलं. म्हणाला, बाईंना तो टँकरवाला राईत नेमका कुठे राहतो ते हवंय. मी जागेचं विचारलं. ती दहा तारखेलाच भरली. बाहेर बसला होता तोच.
पत्ता सांगितला. तो गेला.
शुभदा बशी घेऊन बाहेर आली. कधीपासून जायचंय, असं तिने विचारलं. तो पत्ता विचारायला आला होता, एवढंच सांगितलं.  तिने पोह्यांवर ताटली ठेवली आणि साड्या आणायला सुचेताकडे निघाली. फार लाज वाटली. मीपण येतो म्हटलं. नको, म्हणाली.