संस्थापकांना मुलगी नव्हती

प्रति,
माननीय अध्यक्ष,
शाळा व्यवस्थापन मंडळ,
मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय : संस्थापकांच्या भूमिकेतून मुक्तता मिळून, स्वतःच्या मुलीच्या लग्नात वडील म्हणून उभे राहण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : माननीय मुख्याध्यापिका सिस्टर यांचे वेळोवेळी मिळालेले तोंडी आदेश.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर की, अर्जदाराची नेमणूक आपल्या शाळेत सातवीला गणित शिकवण्यासाठी झाली होती. नेमणूकपत्रात तसेच लिहिले आहे. हल्ली तो शाळेचा संस्थापक आहे. हे कसे घडले ते सांगितल्याशिवाय पुढची विनंती आपणास वेडेपणाची वाटेल, म्हणून थोडे मागे जावे लागते. त्याबद्दल क्षमा असावी.

२. शाळेचा इतिहास आपणास तोंडपाठ आहेच, तरी नोंदीसाठी लिहितो. संस्थापक फादर एक लोखंडी पेटी घेऊन बोटीने येथे आले. जागा कोणी देईना, तेव्हा त्यांनी घोड्यांच्या तबेल्यात पहिला वर्ग भरवला. एका बाजूला मुले, दुसऱ्या बाजूला घोडे, आणि पाढे दोघांच्याही कानावर. पुढे तापाची साथ आली, फादर मुलांच्या उशाशी बसून राहिले, आणि साथ ओसरल्यावर स्वतः त्याच तापाने गेले. दर स्थापनादिनी हा इतिहास चार प्रवेशांत सादर होतो. पूर्वी फादरांचे काम चर्चमधले ऑर्गनवादक करीत, परंतु त्यांचे गुडघे गेले. नेमके त्याच सुमारास वस्तऱ्याने पुरळ उठते म्हणून अर्जदाराने दाढी राखली होती. सिस्टरांनी ती शिक्षकांच्या खोलीत पाहिली आणि घोंगडे अर्जदाराच्या गळ्यात पडले. "सर, एकदाच करा," असे त्या म्हणाल्या होत्या.

३. ते काम चांगले झाले, हा अर्जदाराचा दोष मानावा. त्यानंतर पालकांच्या स्वागताला फादर हवेत असे ठरले. मग सोमवारच्या प्रार्थनेला, मग वाचन सप्ताहाला, मग क्रीडादिनी मशाल पेटवायला. विज्ञान प्रदर्शनाचे उद्घाटनही फादरच करतात. तेथे विजेचा दिवा पाहून त्यांनी थक्क व्हायचे असते. अर्जदार दर वर्षी थक्क होतो. पहिल्या वर्षी ते मनापासून जमले होते. गेल्या वर्षी एक मुलगा शेजारच्याला म्हणाला, "फादरना दर वर्षी नवीन कसं वाटतं रे?" अर्जदाराने दिव्याकडे पाहत तोंड आणखी थोडे उघडे ठेवले.

४. पुढे तबेल्याच्या जागी 'संस्थापकांची खोली' उभी राहिली. दगडी भिंती, एक झरोका, उंच टेबल, दौत आणि दाराला बाहेरून कडी. कडी बाहेरून का, असे विचारता पूर्वी घोडे होते म्हणून, असे सांगण्यात आले. अर्जदाराचे गणिताचे तास नव्या बाईंकडे गेले. आता तो सकाळपासून शाळा सुटेपर्यंत झगा घालून तेथे बसतो आणि एकेका वर्गाला इतिहास सांगतो. दोन वर्गांच्या मध्ये शिपाई विसरून कडी लावून जातो. तो माणूस वाईट नाही, सवयीने लावतो. अर्जदारानेही हाका मारणे सोडले आहे, कारण फादर आतून ओरडत आहेत हे पाहून बालवाडी घाबरते.

५. येथपर्यंत अर्जदाराची तक्रार नव्हती. परंतु संस्थापक ब्रह्मचारी होते आणि अर्जदार नाही, येथे गाडे अडले. अर्जदाराची पत्नी आपल्याच शाळेच्या ग्रंथालयात आहे. संध्याकाळी दोघे तिच्या स्कूटरवरून घरी जात. तिसरीच्या काही मुलींनी रडत जाऊन सिस्टरांना सांगितले की, फादर ग्रंथालयाच्या बाईंच्या मागे बसून पळून चालले आहेत. तेव्हापासून आदेश असा की, शाळेच्या आवारात पतिपत्नींनी एकमेकांना ओळख दाखवू नये. अर्जदार आता शिंप्याच्या दुकानापर्यंत चालत जातो आणि कोपऱ्यावर, कोणी पाहत नाही असे बघून, स्वतःच्या बायकोच्या स्कूटरवर बसतो. या वयात. शिंपी हसतो. पत्नीही प्रथम हसत असे. हल्ली ती पुढे बघून गाडी चालवते.

६. आता मुख्य मुद्दा. अर्जदाराला एकच मुलगी आहे. ती याच शाळेत शिकली, याच चर्चच्या गायनवृंदात गायली, आणि येत्या पंधरवड्यात तिचे लग्न याच चर्चमध्ये आहे. लग्नाच्याच आठवड्यात शाळेचा शतकमहोत्सव येतो. गायनवृंद लग्नात गाणार, म्हणजे निम्मी शाळा तेथे असणार. मुलीचा हात धरून तिला वेदीपर्यंत नेणे हे बापाचे काम. त्यासाठी अर्जदाराने रजा मागितली असता सिस्टर म्हणाल्या, "सर, संस्थापकांना मुलगी नव्हती."

७. सिस्टर दुष्ट नाहीत, हे येथे स्पष्ट करणे अर्जदार आपले कर्तव्य समजतो. त्यांचे म्हणणे की मुलांचा विश्वास तुटेल. ते खोटेही नाही. पहिलीतली एक मुलगी रोज झरोक्यातून अर्जदाराला अर्धे बिस्किट देते, कारण स्थापनादिनी फादर मरतात हे तिने पाहिले आहे आणि दुसऱ्या दिवशी ते जिवंत दिसल्याचा आनंद अजून तिच्या मनातून गेलेला नाही. तिच्यासमोर कोट घालून वधूपिता म्हणून कसे जावे? इकडे आड, तिकडे विहीर.

८. यावर सिस्टरांनी तोडगा काढला आहे. फादरांनी झगा घालून वेदीजवळ उंच खुर्चीवर बसावे आणि वधूवरांस आशीर्वाद द्यावा. वडिलांचे काम पी.टी.चे सर करतील. सरांचा कोट शिवून झाला आहे. ते भले गृहस्थ आहेत, दोनदा घरी येऊन मुलीबरोबर चालण्याचा सरावही करून गेले. ते डावा-उजवा मोजत चालतात. ते गेल्यावर मुलगी म्हणाली, "बाबा, मी लग्नाला चाललेय का संचलनाला?" सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही, असे म्हणतात. बापाचेही येत नाही, असे अर्जदाराचे मत आहे. ते त्याने सिस्टरांना सांगितले नाही, कारण सोंगाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला उरलेला नाही हे त्याला कळते.

९. एवढे होऊनही अर्जदार केवळ एका दिवसाची सूट मागणार होता. तसा अर्ज लिहून तयार होता. परंतु काल मुलगी म्हणाली, "चला बाबा, एकदा आपण दोघं चालून बघू." फ्रिजपासून गॅलरीच्या दारापर्यंत दोघे चालले. तिचा हात गार होता. दारापाशी ती थांबली आणि म्हणाली, "आता तुम्ही मला काहीतरी म्हणायचं. सोडताना." तेव्हा अर्जदाराचा उजवा हात आपोआप वर गेला आणि शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात तिसऱ्या प्रवेशातले भाषण तोंडातून बाहेर पडले: "मला घर नाही, संसार नाही. तुम्ही सगळीच माझी लेकरं!" मुलगी हसली. मग अर्जदार थट्टा करीत नाही हे तिला दिसले, तेव्हा तिने त्याचा वर गेलेला हात धरून हळूच खाली घेतला. अर्जदाराने दुसरे वाक्य आठवण्याचा पुष्कळ प्रयत्न केला. अद्याप एकही सुचलेले नाही. अर्जदाराला स्वतःची भीती वाटते.

१०. सबब, एका दिवसाची मागणी अर्जदार मागे घेत आहे, तेवढ्याने भागणार नाही. त्याला आजपासूनच मोकळे करावे, म्हणजे लग्नापर्यंत तो घरात वावरेल, पत्नीशी भांडेल, मुलीशी बोलेल आणि तिला सोडताना काय म्हणायचे ते त्याचे त्याला सापडेल. मुलांना फादर दूर गावी दुसरी शाळा काढायला गेले असे सांगता येईल. त्या बिस्किटवाल्या मुलीला मात्र कोणीतरी जवळ घेऊन सांगावे. परवानगी नाकारावयाची झाल्यास कृपा करून लवकर कळवावे, कारण मग घरात मुलीला कोणत्या नावाने हाक मारतात, ते पी.टी.च्या सरांना सांगून ठेवावे लागेल.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून बसलेला,
आपला आज्ञाधारक,

(सही)
गणित शिक्षक, इयत्ता सातवी
(तूर्त संस्थापक)

स्थळ : संस्थापकांची खोली
दिनांक : शुक्रवार, मधली सुट्टी

सोबत : लग्नपत्रिका, एक. सहकुटुंब यावे.