देवाने मला कशासाठी वाचवलं

३ फेब्रुवारी, सोमवार

एक वीत. माझं डोकं आणि वरचा स्लॅब यांच्यात एवढंच अंतर उरलं होतं.

खराडीतली अकरा मजली इमारत. मी लिफ्टच्या टपावर बसून रेलला ग्रीस लावत होतो. अकराव्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं आणि लिफ्ट वर सुटली! आडवा पडलो. "प्रभू!" एवढंच तोंडातून निघालं. यज्ञेश्वरकाका वरच्या मशीन रूममधून धावत आले, त्यांनी मला काखेत धरून बाहेर ओढलं, त्यात मान खरचटली.

घरी बायकोला, श्रद्धाला, अर्धंच सांगितलं. "लिफ्ट जरा हलली." तिने कॉलरवरचं रक्त बघितलं आणि शर्ट भिजत घातला.

४ फेब्रुवारी, मंगळवार

गंधारसरांनी दोघांना ऑफिसात बोलावलं. माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण सर.

"माणूस टपावर असताना मेन स्विच कुणी चालू केला?"

"काकांनी," मी म्हणालो.

"तुम्ही सांगितलं होतं?"

"नाही."

काका शेजारीच उभे होते. माझ्याकडे वळून बघितलं. मग सरांना म्हणाले, "माझ्या ऐकण्यात चूक झाली असेल." त्यांना घरी बसवलंय, चौकशी होईपर्यंत. अठ्ठावन्न वय. मला हे काम त्यांनीच शिकवलं.

खोटं बोललो मी. इथे तरी लिहितो. फोनवर मीच त्यांना म्हणालो होतो — "करा चालू." टपावर लाल बटण असतं, ते दाबलं की मेन चालू असला तरी लिफ्ट जागची हलत नाही. मला वाटलं दाबलंय. दाबलं नव्हतं! सोळा वर्षांत पहिल्यांदा. सरांनी विचारलं तेव्हा डोळ्यांसमोर फक्त लेकीची, ओवीची शाळा आली, आणि तोंडातून "नाही" निघून गेलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

काकांना फोन लावला. पहिल्या रिंगला कापला. मीच.

९ फेब्रुवारी, रविवार

श्रद्धाने मला न विचारता देवाच्या आभारांची, उपकारस्तुतीची चिठ्ठी दिली होती. पाळकसाहेबांनी ती चर्चमध्ये उपासनेत वाचून दाखवली — आमच्या आमोदला देवाने मरणाच्या दारातून परत आणलं. सगळी मंडळी माझ्याकडे वळून बघायला लागली. प्रभूची प्रार्थना सुरू झाली, तेव्हा क्षमेच्या ओळीला माझा आवाजच फुटेना. ओवीने एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं.

बाहेर सगळे हात मिळवत होते. सलाम, सलाम. पाळकसाहेब म्हणाले, "देवाने तुम्हाला काही उद्देशाने राखलंय. पुढच्या रविवारी उभं राहून साक्ष द्या, देवाने कसं वाचवलं ते सांगा. तरुणांना ऐकू दे."

उद्देश! गेल्या सोमवारपर्यंत मला माझा माहीत होता. रोज सकाळी शाफ्टमध्ये उतरण्याआधी मनात म्हणायचो, देवा, या दोरावर लोकांची लेकरं चढतात-उतरतात, माझे हात जागे ठेव. एवढीच प्रार्थना. एवढंच काम. ते पुरायचं मला. आता पुरत नाही. देवाने वाचवलं ते कुणाला — ज्याने काकांना घरी बसवलं त्याला?

११ फेब्रुवारी, मंगळवार

येरवड्यात एका सोसायटीची लिफ्ट बंद. वरचं दार उघडलं, टपावर एक पाय ठेवला आणि दुसरा उचलेना. लाल बटण दाबलेलं होतं — चार वेळा बघितलं! तरी नाही. दार लावून घेतलं. सेक्रेटरीला म्हणालो, "पार्ट मिळत नाहीये."

दुसरं खोटं.

चौथ्या मजल्यावर श्यामलाबाई राहतात. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मुलाने आणि वॉचमनने त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून उतरवलं. माझ्यासमोरून नेताना त्या म्हणाल्या, "तू तरी काय करणार, बाळ. मशीनच ते."

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गॅस बंद आहे का, सात वेळा तपासलं. ओवी हसली. श्रद्धा हसली नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

श्रद्धाला सांगितलं. सगळं. ती मेथी निवडत होती. देठं बाजूला करत ऐकत राहिली.

"म्हणजे उद्या देवळात माईकपुढे उभा राहून खोटं बोलणार होतास. बरं झालं आधी बोललास. मी चांगली साडी काढून ठेवली होती."

मला हसूही येईना.

मग तिने हात धुतले आणि समोर येऊन बसली. "भीती कशाची वाटते?"

"नोकरीची. त्या लिफ्टची. देवाचीसुद्धा."

"आणि काकांची?"

काकांचं नाव ऐकल्यावर मला रडू फुटलं. त्या दिवशी ऑफिसात त्यांनी माझ्याकडे बघितलं, त्यात राग नव्हता. राग असता तर सोपं गेलं असतं.

श्रद्धा म्हणाली, "साक्ष देवळात नाही द्यायची. आधी सरांसमोर दे."

१६ फेब्रुवारी, रविवार

उपासनेआधीच पाळकसाहेबांना गाठलं आणि सगळं सांगितलं. रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. म्हणाले, "उद्देश म्हटलं की आपण फार लांब बघतो. तुमचा तर ऑफिसातच बसलाय. कधी जाताय?"

"उद्या."

"किती वाजता? मी त्या वेळी गुडघ्यावर, प्रार्थनेत असेन."

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी दहाला सरांसमोर. "करा चालू मीच म्हणालो होतो. बटण दाबायला मी विसरलो. काकांची चूक नाही." आणि येरवड्याचंही सांगितलं, पार्टचं काही नव्हतं, माझी हिंमत झाली नाही.

सरांनी कागद पुढे सरकवला. "लेखी द्या." अक्षर इतकं वेडंवाकडं आलं की दोनदा लिहावं लागलं. काकांना उद्यापासून कामावर बोलावलंय, येरवड्याची लिफ्ट तेच करतील. मी घरी. पुढचं नंतर कळवतील म्हणे.

भीती गेली असं नाही. पण जेवताना प्रार्थना केली आणि ती मधेच अडली नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी काकांच्या घरी गेलो. ते डबा भरून निघायच्या तयारीत होते. मी हात जोडले. त्यांनी खिशातून फोन काढला, एक बटण दाबलं. माझाच आवाज! "करा चालू."

"यात सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होतात," काका म्हणाले.

"म्हणजे पहिल्या दिवसापासून तुमच्याकडे... मग सरांना का नाही ऐकवलंत?"

"मी ऐकवलं असतं, तर तुला ते स्वतःहून कधीच सांगता आलं नसतं."