जोडसायकलची पुढची सीट

तीर्थस्वरूप अक्का,

तुझ्या पायांवर डोकं ठेवायची फार इच्छा आहे, पण कंबर एका ठरावीक कोनापलीकडे जायला तयार नाही. तेव्हा जेवढा वाकलो आहे तेवढ्यालाच पूर्ण नमस्कार समज आणि आशीर्वाद मात्र सबंध दे. गुडघे काय म्हणतात? (माझे बोलतात. जिना चढताना तर दोघे एकदमच बोलतात, आणि एकाचं दुसऱ्याला पटत नाही.) रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेत जा. तुझं मागचं पत्र मिळालं. "बरं चाललंय. काळजी नसावी." एवढंच. पाकिटावरचा पत्ता आतल्या मजकुरापेक्षा मोठा होता. त्यामुळे मी ठरवलं, की या खेपेला दोघांच्या वाटचं मीच लिहायचं. चहा घेऊन बस.

तुला आमचं रविवारचं मंडळ माहीत आहे. दर रविवारी सकाळी सायकली काढून गावाबाहेर जायचं, घाम गाळायचा आणि परत येताना गाळलेला घाम भट्टीवाल्याच्या बेकरीत बसून दुपटीने भरून काढायचा. (घरी आम्ही तीस किलोमीटर सांगतो. मी आयुष्यभर सरकारी मोजणी खात्यात जमिनी मोजल्या असल्यामुळे मला खरा आकडा माहीत आहे. तो अकरा आहे.) मंडळात आम्ही चौघं. भट्टीवाला, ज्याचं पोट हँडलच्या आधी वळणावर पोहोचतं. डॉक्टरीणबाई, गुरांच्या डॉक्टर, वयाने आमच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आणि अकलेने तेवढ्याच मोठ्या. मी, ज्याला हे लोक फूटपट्टी म्हणतात. आणि आमचा म्होरक्या टपाल. पस्तीस वर्षं सायकलवरून बटवडा केलेला पोस्टमन. कुठल्या घराचं कुत्रं चावतं आणि कुठल्या घराचा मालक, हे त्याला तोंडपाठ.

दोन वर्षांपूर्वी टपालचे डोळे गेले. काचबिंदू. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग मधलं. सायकल त्याने स्वतःच्या हाताने पुसून माळ्यावर टाकली आणि दाराशी खुर्ची टाकून बसला. आम्ही दर रविवारी फेरी झाली की त्याच्याकडे जायचो. तो विचारायचा, "आज कुठे?" आम्ही सांगायचो. तो विचारायचा, "कसं होतं?" आम्ही म्हणायचो, "छान होतं." मग चौघंही आपापल्या कपात बघत बसायचो. (तिघं बघायचो. तो नुसता कप धरायचा.) एका रविवारी त्याची सून आम्हाला पोचवायला फाटकापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "काका, एक तर ह्यांना घराबाहेर काढा, नाहीतर मला काढा. दिवसभर माझ्या पावलांवरून ओळखतात मी कुठल्या खोलीत आहे ते. डब्यातून बिस्कीट उचललं तरी विचारतात, कितवं?"

तर अक्का, इथे जोडसायकल आली. तळ्याकाठच्या एका हॉटेलाने पाहुण्यांसाठी ठेवलेली दोन सीटांची, दोन हँडलांची सायकल भंगारात काढली होती. भट्टीवाला त्यांना पाव पुरवतो, त्याच्या नजरेला ती पडली आणि त्याने ती पावाच्या गाडीवर घालून आणली. कल्पना अशी, की पुढे डोळस माणूस, मागे टपाल. मागच्याला फक्त पायडल मारायचं. पुढे कोण, यावर पंधरा मिनिटं चर्चा झाली. भट्टीवाल्याचं पोट आडवं येत होतं. डॉक्टरीणबाईंना मध्येच फोन येतो आणि त्या कुणाच्या तरी गाईच्या बाळंतपणाला धावतात. जोडसायकलसकट गेल्या तर टपालला गोठ्यात उभं राहायची पाळी. उरलो मी. जो माणूस उतारावर सायकलवरून उतरून चालतो, तो.

टपाल आधी हो म्हणेना. "मी काय पार्सल आहे, मागे बांधून न्यायला?" असं म्हणाला. मग सुनेने आतून काठी आणून त्याच्या हातात दिली आणि शांतपणे म्हणाली, "नसेल जायचं तर राहू द्या. माझी आई येणार आहे आज, दिवसभर." टपाल उठला.

पहिल्या दिवशी आम्ही एकंदर सात मीटर गेलो. जोडसायकलीचं गुपित असं आहे, की दोघांची पायडलं एकाच साखळीला बांधलेली असतात. एकाने मारलं आणि दुसऱ्याने थांबवलं की सायकल विचारात पडते. आमची विचारात पडली, आणि मग सुनेच्या कुंड्यांत पडली. मी मातीतून उठून टपालला शोधतो तर तो उताणा पडून हसतोय. अक्का, दोन वर्षांत ते हसू मी ऐकलं नव्हतं. सून बाहेर धावत आली. मोडलेल्या कुंड्या तिने बघितल्या, सासऱ्याकडे बघितलं आणि आत गेली. नंतर कळलं, की आत जाऊन रडली. (कुंड्यांसाठी नव्हे, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. पण दोन कुंड्या चांगल्या होत्या.)

महिन्याभरात जमलं. रस्ता टपाल सांगायचा आणि मी निमूट वळायचो. "आता गतिरोधक. आता शाळेची भिंत संपेल, उजवीकडे घे." मोजणीचे नकाशे मी काढले, पण रस्ते त्याच्या पायांत होते. मी एकदा शहाणपणा करून म्हटलं, की नकाशाप्रमाणे डावीकडून जवळ आहे. डावीकडे गेलो तर नाला. मागून आवाज आला, "नकाशात पाणी निळं दाखवतात ना? बघ, निळं आहे का." काळं होतं.

पण एका रविवारी वेगळंच झालं. आम्ही टेकडीच्या रस्त्याला निघालो होतो. भट्टीवाला आणि डॉक्टरीणबाई पंक्चर काढत मागे राहिले. टपाल म्हणाला, "आता लाकडाच्या वखारीचा वास येईल. आला की डावीकडे." मी जात राहिलो. वास आला नाही. त्याने मला थांबायला सांगितलं, नाक वर करून उभा राहिला. पुन्हा निघालो, परत आलो. शेवटी अंदाजाने एका वळणावर वळलो आणि थेट एका भिंतीपुढे जाऊन उभे राहिलो. टपाल उतरला. हात पुढे करून चालत गेला, भिंतीला हात लागला, तिच्यावरून तो हात फिरवत राहिला.

"ही कधी बांधली?"

"नवी वसाहत झालीय. वखार पाडली असणार."

तो तिथेच कडेला दगडावर बसला. म्हणाला, "फूटपट्टी, माझ्याजवळचा गाव जुना झाला रे. मी ज्या रस्त्याने तुला नेतो ते आता फक्त माझ्या डोक्यात आहेत. मला घरी सोड. आणि पुढच्या रविवारी येऊ नकोस."

अशा वेळी काय बोलावं ते तुला सुचलं असतं. मला कधी सुचलं आहे? मी चाळीस वर्षं हद्दीचे दगड शोधले. माणसाशी बोलायची वेळ आली की मी मोजायची फीत काढतो. मी घसा खाकरून म्हणालो, "भिंत आहे. उंची अडीच मीटर. लांबी साधारण साठ."

त्याने बसल्याबसल्या भिंतीकडे तोंड वळवलं. मग तो म्हणाला, "रंग?"

"भिंतीचा असतो तसाच."

"अरे गाढवा, भिंतीचा असतो तसा म्हणजे कसा?"

मी बघितलं. खरं सांगतो अक्का, तोवर मी बघितलंच नव्हतं. म्हटलं, पिवळा. त्याने विचारलं, कसला पिवळा? मी पुन्हा बघितलं, घाम फुटेपर्यंत बघितलं, आणि म्हणालो, "पोस्टकार्डासारखा."

"नव्या की जुन्या?"

"जुन्या. पेटीच्या तळाशी राहून गेलेल्या."

त्याने मान डोलावली. "आणखी काय आहे?" म्हटलं, भिंतीवरून बोगनवेल बाहेर आली आहे. वर गच्चीवर एक बाई गोधडी वाळत घालते आहे, तिच्या तोंडात चिमटे आहेत, त्यामुळे तिला नवऱ्याला ओरडता येत नाहीये, नुसती हात हलवते आहे. टपाल हसला. उठला. चाचपडत सीटवर बसला आणि म्हणाला, "चल. रस्ता आता तू शोध. पण तोंड बंद ठेवलंस तर मी पायडल मारणार नाही."

तेव्हापासून मी बोलतो. सगळा रस्ताभर, मोठ्याने. सुरुवातीला भयंकर व्हायचं. "झाड" म्हटलं की मागून "कसलं?" हे आलंच. मला गुलमोहर आणि निलगिरी सोडून झाड ओळखता येत नाही. मग मी पानं खिशात घालून घरी आणायला लागलो, पुस्तकात बघून पुढच्या रविवारी सांगायला लागलो. (धोब्याने खिशातल्या पाल्याबद्दल विचारलं. मी त्याला मोजणी खात्याचं काम आहे असं सांगितलं.) एकदा मी "समोरून एक चांगल्या रुंद बांध्याच्या बाई येत आहेत, हिरवी छत्री, चाल हत्तिणीची" असं वर्णन केलं आणि त्या बाई कानाने अगदी ठणठणीत निघाल्या. त्यांनी आम्हाला थांबवून जे काही सुनावलं, ते टपालने डोळे मिटून, मान हलवत, एखादं गाणं ऐकावं तसं ऐकलं. निघाल्यावर म्हणाला, "आवाजावरून तर सडसडीत वाटतात."

आणि गेल्या महिन्यात तो उतार. टेकडीवरून तळ्यापर्यंत जाणारा, दीड किलोमीटरचा. बटवडा संपवून रिकामी पिशवी घेऊन टपाल त्या उतारावरून पाय वर घेऊन सुटायचा. नोकरीतलं तेच त्याचं सुख होतं म्हणे. वर पोहोचल्यावर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "ब्रेक लावू नकोस." मी म्हटलं, लावणार. तो म्हणाला, "मला दिसत नाही आणि मी घाबरत नाही. तुला दिसतंय ना?" मी म्हटलं, दिसतंय म्हणूनच. पण लावला नाही, अक्का. बोटं ब्रेकवरून काढली. वारा कानांत शिरला, डोळ्यांतून पाणी आलं, मला झाडं सांगायला वेळच मिळेना, मी नुसता "हिरवं! हिरवं! हिरवं!" ओरडत होतो आणि मागून तो "हो! हो! हो!" ओरडत होता. खाली सपाटीवर, तळ्याशी, एक कुत्रं आडवं आलं आणि आम्ही किंचित कलंडलो. किंचितच. काळजीचं कारण नाही.

तर इथलं सगळं हे असं आहे. हवा चांगली आहे. शेजाऱ्यांना आणि लहानमोठ्यांना माझं जे काय सांगायचं ते सांग.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. अक्षर माझं नाही हे तू पहिल्या ओळीलाच ओळखलं असशील. माझं उजवं मनगट प्लास्टरमध्ये आहे. सहा आठवडे. डॉक्टरीणबाई लिहून घेत आहेत. टपालला नुसतं कोपराला खरचटलं, पण गेले दोन रविवार तो परत दाराशी खुर्चीवर आहे. भट्टीवाल्याने पुढे बसून बघितलं. त्याला चढावर पायडल मारायचं किंवा बोलायचं, यांपैकी एकच काहीतरी जमतं.

ता. क. २. खरं म्हणजे मी पत्र यासाठीच लिहिलं. तू ये. पाच मैल लांबच्या शाळेत मला मागे बसवून तूच न्यायचीस. घरात सायकल चालवायला शिकलेली पहिली तू. भाऊजी गेल्यापासून तू घराचं फाटक ओलांडलेलं नाहीस, हे मला शेजारच्यांच्या पत्रातून कळतं. मी तुला बरं वाटावं म्हणून बोलावत नाहीये, गैरसमज नको. मला माणूस हवं आहे. तू तीस वर्षं त्या दुकानात दोऱ्याच्या रिळांमागे बसलीस, तुला निळ्याच्या सतरा छटा नावानिशी येतात. मला अजून दोनच येतात, गडद आणि फिका, आणि टपाल आता त्यांना कंटाळला आहे. गुडघ्यांचं कारण सांगू नकोस. मागचा माणूस दणकट आहे.

ता. क. ३. अक्का, नमस्कार. मी डॉक्टरीण. फूटपट्टीकाकांनी सांगितलं तसं सगळं उतरवलं, एक शब्द बदलला नाही. आता हे बाहेर गेले आहेत म्हणून लिहिते. कुत्रं वगैरे काही नव्हतं. मी मागूनच येत होते. तळ्यावरून बगळ्यांचा थवा उठला आणि यांनी हँडल सोडलं, हात लांब केला आणि टपालकाकांना म्हणाले, "ते बघ!" दोघंही आडवे झाले. मी धावत पोहोचले तर टपालकाका जमिनीवर पडल्यापडल्या विचारत होते, "किती आहेत?" आणि हे मोडलेलं मनगट पोटाशी धरून आभाळाकडे बघत मोजत होते. एकवीसपर्यंत आले होते. "पुढचे लांब गेले," म्हणाले, "पण पांढरे कसले आहेत ते मला सांगता येत नाहीये रे." तुम्ही कुठल्या बसने याल ते कळवा. न्यायला मी येईन.