काचेवरची अकरा नावं

३ मार्च १९१९, सोमवार
ठरलं. रविवारी, १६ तारखेला सामना. युद्ध संपून चार महिने झाले, मुलांनी आणखी किती आराम करायचा? शेजारगावच्या क्लबला पत्र टाकलं. आमच्या बोर्गोसेको गावाचा फुटबॉल क्लब मीच काढला, पहिला अध्यक्षही मीच. पुढाकार दुसरं कोण घेणार?

६ मार्च
तिलिओच्या कॅफेच्या काचेवर आतून मेणाच्या पेन्सिलीने संघ लिहिला. चौदा सालचाच. अकराही माझ्या वर्गातले. गोलकीपर एवाझिओ कविता म्हणताना डोळे मिटायचा. चेंडू येतानाही!
नियम जुनाच. ज्याला जमणार नाही त्याने स्वतः येऊन आपलं नाव खोडायचं.
तिलिओ चाचरत म्हणाला, मास्तर, काच पुसून टाकू का? म्हटलं, बाहेरून पूस.

९ मार्च
ओरेस्ते कुबड्या घेऊन आला, नाव खोडून गेला. डावा पाय तिकडेच राहिलाय. म्हणाला, पायाला वेगळं पत्र टाका मास्तर, आला तर खेळवा. पोरगा अजून तसाच थट्टेखोर.
बाकी दहांपैकी कुणीही खोडलेलं नाही. म्हणजे येणार.

१२ मार्च
एवाझिओची आई देल्फीना कॅफेत पेन्सिल मागत आली. नियम सांगितला, ज्याचं त्यानेच खोडायचं. तर म्हणाली, पंधरा साली याच टेबलावर चढून तुम्ही ती देशाची कविता म्हटलीत, अन् सकाळी अकराच्या अकरा भरतीला गेले. आता तुम्हीच हाक मारा की त्याला, येऊ दे पेन्सिल धरायला.
अडाणी बाई. कविता उत्तमच होती. तिसऱ्या कडव्यात माझा आवाज जरा चढला असेल, इतकंच.
घरी येऊन म्हणून पाहिली. तिसरं कडवं आठवेना. वय झालं.

१५ मार्च
दहा हिरव्या जर्सी धुतल्या, इस्त्री केल्या. उद्या जिंकणार.

१६ मार्च
पाहुणे वेळेवर आले. जर्सी कुंपणावर मांडून मी मधल्या रेषेवर दोन तास उभा. त्यांच्या कप्तानाने टोपी काढली, आपली मुलं घेऊन गेला. धुकं फार होतं. आमची मुलं वाट चुकली असतील.

१८ मार्च
नगरपालिकेचा कारकून कॅफेत आला. चौकात स्मारकाचा संगमरवर बसवायचाय, नावं हवी होती. काचेकडे बघून म्हणाला, अक्षर सुरेख आहे मास्तर, असंच कोरायला देतो. ओरेस्तेचं खोडलेलं, ते सोडलं. उरलेली दहा उतरवून घेतली. विचारलं, यात काही बदल?
म्हटलं, नाही. कुणी खोडायला आलं नाही.