बाबांच्या कॅमेऱ्याचं बारीक रीळ

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे तूर्त मनातल्या मनात घातलाय.) भावजींचा गुडघा आता जिना चढू देतो का? इकडे आम्ही सगळे ठणठणीत, बाबांचे डोळे सोडून. डावा केव्हाच गेला, आणि डॉक्टर म्हणतात, उजवा फार तर दोन-तीन महिने साथ देईल. म्हणजे दीड वर्षापूर्वी तू त्यांच्या स्कूटरची किल्ली लपवलीस ते बरोबरच होतं. पण तेव्हा ते "माझ्या घरात माझ्यावर पहारा नको" म्हणाले, तू तडक चपला घातल्यास, आणि त्यानंतर इकडे फिरकली नाहीस. असो. हे पत्र त्यासाठी नाही.

पत्र कॅमेऱ्यासाठी आहे. दिसतंय तोवर घरातल्या सगळ्यांचा एक फोटो आपल्या हातानं काढायचा, असं बाबांनी मनावर घेतलंय, आणि तोही त्यांच्या त्या जुन्या, पोटाशी धरून वरून बघायच्या कॅमेऱ्यानंच. मी सगळ्यांसमोर छातीठोकपणे सांगितलं, आठ दिवसांत रोल आणतो. (माझा स्वभाव तुला माहीत आहे. मला न जमणारी गोष्ट मला अजून भेटायची आहे.) मग कळलं की हा सहाशेवीस नंबरचा रोल बनवणं बंद होऊन कैक वर्षं झाली. चार दुकानदारांनी तर माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी डायनोसॉरचं अंडं मागतोय.

पण हार मानेन तो मी कसला! जुन्या वस्तू जमवणाऱ्या एका गृहस्थांकडून सीलबंद रोल मिळवला. मुदत तुझ्या लग्नाच्याही आधी संपलेली. आत फिल्म शाबूत आहे ना, याची खात्री करावी म्हणून मी तो बाल्कनीत, भर उन्हात, टोकापर्यंत उलगडून पाहिला. शाबूत होती. (तुझी भावजय तेव्हापासून माझ्याशी फक्त मान हलवून बोलते.) रीळही इतकं गंजलेलं, की हातातच मोडलं.

मग स्टुडिओवाल्या काकांना गाठलं. ते म्हणाले, फिल्म तीच, एकशेवीस नंबर म्हणून आजही मिळते; फक्त तिचं रीळ जाडं, या कॅमेऱ्यात मावत नाही. काळोखात बसून ती कॅमेऱ्यात राहिलेल्या बारीक रिळावर गुंडाळायची, झालं. एवढंच ना! मी बाथरूमचं दार लावलं, फटींत टॉवेल कोंबले आणि स्टुलावर बसलो. निम्मी फिल्म सरकली असेल-नसेल, भक्कन दिवा लागला. बटण बाहेर, आणि बाहेर बाबा. "अरे, अंधारात काय बसलायस, पडशील ना," म्हणाले. तीही फिल्म गेली, नवी आणली. दुसऱ्या दिवशी बल्बच काढून बसलो. पाऊण तास लागला, कंबर धरली ती तिथेच, पण फिल्मला एक सुरकुती नाही! ऐटीत काकांना दाखवायला नेली. त्यांनी फिल्ममागच्या कागदाचं टोक पाहिलं आणि कपाळाला हात लावला. एकदाच गुंडाळल्यामुळे शेवट वर आला होता. पहिला फोटो पहिला यायचा तर ती दोनदा गुंडाळावी लागते.

तेही करीन, त्यात काय. अडलंय एवढंच, की कॅमेऱ्यात बारीक रिळं दोन लागतात: एक फिल्मचं, एक रिकामं, ती ओढून घ्यायला. आपल्याकडे आहे एक. पण तू काळजी करू नकोस, काम माझ्याकडे आहे म्हणजे झालंच समज.

भावजींना नमस्कार, पोरांना पापे.

तुझा कर्तबगार धाकटा भाऊ

ता. क. तुझ्या शिवणाच्या डब्यात काळा दोरा गुंडाळलेलं एक लोखंडी रीळ आहे. लहानपणी बाबांच्या टेबलावरून तूच लांबवलं होतंस. ते हवंय. पोस्टानं पाठवू नकोस, गहाळ होईल. स्वतः घेऊन ये.

ता. क. २. पत्र बाबांना वाचून दाखवलं. किल्लीचा भाग गाळत होतो, तर म्हणाले, "मध्ये काय खाल्लंस? ते पण वाच." वाचलं. मग म्हणाले, "लिही तिला, तिचंच बरोबर होतं." हे त्यांचे शब्द आहेत, माझ्या पदरचे नाहीत.

ता. क. ३. पाकीट चिकटवणार तोच काका एक रिकामं बारीक रीळ घेऊन दारात हजर. फिल्म भरून कॅमेरा तयार आहे. बाबांनी मला बाजूला घेऊन बजावलंय, "हे तिला कळवू नकोस हं. रिळाच्या निमित्तानं तरी येईल." मी कळवतोय. रीळ राहू दे, तू ये.